बुडावरची खूण

"पिलं बरी हायती न्हवं?" सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की मामांचा हा पहिला प्रश्न. एक डोळा मिटलेला, दुसरा इनक्युबेटरच्या काचेला लावलेला.

पिलं म्हणजे मूत्रपिंडाच्या ऊतीचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. सांगलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत ते माणसाच्या पेशींपासून वाढवतात. काहींना विषाणूची लागण करायची आणि मूत्रपिंड कसं आजारी पडतं ते बघायचं, हे माझं काम. मामा आमचे शिपाई, कवठे महांकाळकडच्या मेंढपाळ घरातले. इनक्युबेटरची ऊब, ट्रेमधलं पाणी सगळं त्यांच्याकडे. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर नुसतं बघून सांगायचे, "हे चरतंय. ह्यानं मान टाकलीया." असा नजरेचा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल.

मी डिशवरची खूण झाकणावर लिहायचो. घाईत सोपं पडतं. मामांना ते खपायचं नाही.

"आवं सर, खूण मेंढीच्या अंगावर करत्यात. मेंढरं कोंडायच्या वाघरीवर कोण करतंय?"

"मामा, ही मेंढरं नाहीत."

"ते तुमाला म्हाईत. त्यास्नी कुठं म्हाईत हाय?"

एकदा पोषक द्रव बदलताना मी एका निरोगी आणि एका आजारी डिशची झाकणं काढली आणि बसवताना त्यांची अदलाबदल झाली. कळलंही नाही. तिसऱ्या दिवशी मामा पडद्याकडे बघून म्हणाले, "तुमचं आजारी लय टवटवीत हाय गड्या, आन् धडधाकटानं मान टाकलीया." मी हसलो.

मग तपासणी आली. निरोगी म्हणून लिहिलेल्या डिशमध्ये विषाणूच विषाणू. मामांचं ते बोलणं आठवलं आणि झाकणांचं काय झालं ते कळलं. आदल्या आठवड्यात मामांनी इनक्युबेटर पुसला होता.

"पुसताना झाकणं उघडली होती का?" आमच्या प्रमुख मॅडमनी मामांना विचारलं.

मामा माझ्याकडे बघत राहिले. माझा करार महिनाअखेर संपणार होता. मी नोंदवहीची पानं उलटत बसलो.

"आसंल, मॅडम," मामा म्हणाले.

त्यांना काचसामान धुण्यावर पाठवलं. आत यायची मनाई. दोन वर्षं ते चहाच्या वेळी फेसाळ हातांनी दारात उभे राहून विचारायचे, "पिलं बरी हायती न्हवं?" मी "बरी" म्हणायचो. माझा करार वाढला होता.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर मी त्यांना गाठलं.

"मामा, ती झाकणं माझ्याकडून बदलली."

"ठावं हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलशीला म्हून थांबलो." त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "खावा. लय येळ लावलासा."

पेढा तसाच मुठीत घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना आत बोलवा." बाहेर आलो तर मामा एसटीला निघून गेले होते.

गेल्या आठवड्यात त्यांच्या फोनवर दोन डिशचे पडद्यावरचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले, काही न लिहिता. उत्तरात त्यांचा आवाज आला, मागं करडांचा गोंधळ.

"डाव्यानं मान टाकलीया. आन् खूण कुठं केलीया?"

मी डावी डिश अलगद उचलून खालून बघितली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: लागण.