सहा सोमवार, अठ्ठावन्न किलो

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीनंतरही जी घटना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, तिच्यात दाखल करण्यासारखा गुन्हाच नव्हता.

तेव्हा मी दक्षिण नागपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एका खासगी रुग्णालयातली सिस्टर जाडजूड रजिस्टर घेऊन आली. हृदय कमकुवत झालेला रुग्ण घरी गेला, की तिच्या रजिस्टरमध्ये त्याचे पान उघडायचे. दर सोमवारी ती फोन करायची. गोळ्या चालू आहेत का, दम लागतो का, वजन किती? या दुखण्यात अंगात पाणी साचते, त्यामुळे वजन झपाट्याने वाढले तर धोका समजायचा, हे मला तिनेच सांगितले.

"साहेब, मनीषनगरच्या एका आजोबांचा आवाज सहा सोमवार झाले, ऐकला नाही. पोरगा म्हणते, झोपले आहेत. काल घरी गेली तं शेजारीण म्हणे, महिनाभरात दिसलेच नाहीत. मले भीती वाटून राहिली."

"आता वजनाच्या तक्रारीही आपल्याकडेच काय, साहेब?" हवालदार पुटपुटला. मलाही हसू आले, पण ते पान पाहीपर्यंतच. इतरांचे आकडे थोडे खालीवर होते. आजोबांचे वजन सहाही वेळा अठ्ठावन्न. दोन साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द जुळले, की कोणीतरी पढवले आहे हे मी ओळखायचो. स्टेशन डायरीत नोंद केली आणि सिस्टरला सोबत घेऊन निघालो.

दार मुलानेच उघडले. चांगला नोकरदार माणूस.

"वडील कुठे आहेत?"

"झोपले आहेत."

"उठवा."

तो जागचा हलला नाही. अशा वेळी आपण गप्प बसावे. समोरच्याला शांतता सोसत नाही.

"बाबा गावाले गेले, साहेब," तो शेवटी म्हणाला. "नरखेडकडे संत्र्याची बाग आहे. तोड सुरू झाली, मंग कोणाचं ऐकतात ते? सिस्टर माह्यावर भडकन म्हणून जुनंच वजन सांगत गेलो. पण बाबा मजेत आहेत. कालच फोनवर म्हणे, गावची हवा मानवली, अंग भरून राहिलं."

सिस्टर एकदम पुढे झाली. "भरून नाही राहिलं हो, पाणी साचून राहिलं!"

मी ताबडतोब त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. तो मोटारसायकलने बागेत पोहोचला. आजोबा बाजेवर बसून मजुरांवर ओरडत होते, पाय सुजून खांबासारखे झालेले. संत्री मोजायच्या काट्यावर ते रोज स्वतःला तोलत आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीवर खडूने आकडा लिहीत. शेवटचा आकडा होता सदुसष्ट.

"मी तं सुधरून राहिलो गा, मले काहून नेता?" असे पाटलाला विचारणारे आजोबा गाडीपर्यंतच्या वीस पावलांत दोनदा थांबले. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर हाती काही लागले नसते. आजोबा वाचले. जरा बरे वाटताच त्यांनी तोडीची चौकशी केली.

रुग्णालयात मी सिस्टरला एकच गोष्ट सुचवली. आमच्या प्रत्येक जबाबात विचारतात, माहिती देणाऱ्याने स्वतः पाहिले की नुसते ऐकले? तिने रजिस्टरमध्ये तसा रकाना आखला. पुढे तिचा फोन आला. जुनी पाने तपासली, तर कित्येक रुग्णांच्या वतीने घरचेच बोलत होते. आता ती रुग्णाशीच बोलल्याशिवाय फोन ठेवत नाही, आणि तोडीच्या दिवसांत खेड्यातल्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा विचारते.

या प्रकरणाने मला शिकवले, की खोटे बोलणाऱ्याच्या मनात दरवेळी पाप नसते. मुलावर कारवाई का केली नाही, असे हवालदाराने विचारले होते. तेव्हा मी विषय टाळला.

माझी आई गेली त्या वर्षी तिचेही अंग असेच भरले होते. बांगड्या हातात रुतायला लागल्या, तेव्हा मी साऱ्या पाहुण्यांना कौतुकाने सांगत होतो, आई सुधारली.