सोफा वाचला

माझ्या धाकट्या बहिणीने मांजरीची नखं काढून आणली. हो, काढून. मला आधी वाटलं, नेलकटर लावलं असेल. मग कळलं, पुढच्या पंजांच्या प्रत्येक बोटाचं शेवटचं पेरच छाटतात. आपल्याकडे असलं कुणी करत नाही म्हणे. पण बाईसाहेबांनी करणारा डॉक्टर हुडकून काढलाच. का? तर टॉवरमधल्या नव्या घरात नवा सोफा आलाय आणि मांजर त्याला ओरबाडते. अगं बाई, केवढा हा अन्याय सोफ्यावर!

आणि बरी होईपर्यंत मांजर कुणाकडे? ताईकडे. डिलाईल रोडच्या चाळीत, एका खोलीत. "तुझ्याकडे कुठे सोफा आहे, ताई!" लाडाने म्हणाली हां, टोमणा वगैरे नाही.

मांजर पिंजऱ्यातून बाहेर आली ती दोन्ही पंजे पट्टीत, तापल्या तव्यावरून चालल्यासारखी. वाळू जखमेत जाते म्हणून तिच्या शी-शूच्या डब्यात कागदाचे कपटे घालायचे. पेपर मी वाचायच्या आधी तिच्यासाठी फाडायचा. त्यातल्या बातम्या पाहता उपयोग योग्यच होता. दुखण्याची गोळी उकडलेल्या बांगड्यात लपवायची. ती बांगडा खायची आणि गोळी ताटलीत ठेवायची.

सगळ्यात अवघड काम दार बंद ठेवायचं. आमच्या चाळीत दिवसा दार बंद म्हणजे एक तर भांडण, नाहीतर मयत. पहिल्याच सकाळी शेजारच्या मालवणी काकी कडी वाजवत हजर. "काय गो, दार कित्याक लावलंस? कोण आजारी आसा?" मांजर आजारी आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांना फसवलंच.

मग एका दुपारी गॅलरीत कोळणीची हाक आली आणि माझ्या हाताने आपोआप कडी काढली. जन्माची सवय. मी बोंबील निवडत बसले आणि मांजर माझ्या बाजूने बाहेर. टोपलीपाशी चाळीचा बोका बसलेला, रोजचा वसुलीवाला. तो गुरगुरत हिच्या अंगावर आला. हिने पंजा उचलून त्याच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. काहीच झालं नाही. बोकाही चक्रावला. "आगो बाय, हिला नखंच नाय!" कोळीण म्हणाली. मला रडूच फुटलं. बोक्याने तिचा कान फाडायच्या आत मी तिला उचललं, तर ती मलाच चावली. चाव बाई, म्हटलं, तेवढंच उरलंय तुझ्याकडे.

जखमा भरल्या तशी बहीण न्यायला आली. "माझं बाळ ते" करत तिने मांजरीला उचललं आणि बाळाने तिच्या मनगटात दात रुतवले. बहीण किंचाळली. मग मनगट चोळत, अगदी गंभीरपणे म्हणाली, "ताई, आता ही चावायला लागली गं. डॉक्टरांना विचारते, दातांचं काही करता येतं का."

मी मांजर काढून घेतली, रिकामा पिंजरा बहिणीच्या हातात दिला, तिला गॅलरीत नेऊन सोडलं आणि भरदिवसा दार लावून घेतलं. थोड्या वेळाने काकी आल्याच. "काय गो, आता काय झाला?"

"भांडण," मी आतून सांगितलं. "मांजर बरी आहे."