रत्ना पडली नव्हती

गुरुवारी, चौदा तारखेला, दुपारी मी विभागात बसून पुस्तकं बांधत होते. दुसऱ्या दिवशी विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या नव्या पुस्तकांचं एकत्र प्रकाशन होतं. पाहुण्यांनी व्यासपीठावर फीत सोडायची, म्हणून प्रत्येक पुस्तकाला चमकीचा कागद. रसायनशास्त्र, कायदा, कन्नड व्याकरण, माझं शेतातल्या तणांवरचं... आणि सर्वांत खाली रत्नाचं. ती जाऊन महिना झाला होता. फिती बांधताना तिची आठवण येणारच. आलेल्या पार्सलची गाठ तिनं कधी सोडवली नाही. दोन्ही हातांनी फाडायची. कागद वाया जातो म्हणून मी ओरडायचे.

रत्ना इतिहास शिकवायची. बेळगावात आमची दारं समोरासमोर. तिचं पुस्तक निपाणीकडच्या खेड्यांतल्या, बांधावरून झालेल्या खुनांचं. तिकडं माणूस कुऱ्हाडीनं तोडला तरी घरचे सांगतात, पडला. विहिरीत पडला, झाडावरून पडला. मारणारा आणि मेलेला बहुतेक एकाच घरचे, त्यामुळे कोर्ट कुणालाच नको असतं. रत्ना गावोगाव म्हाताऱ्यांपुढे बसून विचारायची, "कसा पडला ते ऱ्हाऊ दे मावशी. कुणी मारला?" शेवटचं प्रकरण तिच्याच घरचं होतं. लहानपणी ती रानात भाकरी घेऊन गेली, तेव्हा तिचा बाप, आबा, सख्ख्या भावाच्या मानेवर कुऱ्हाडीचा घाव घालत होता. दुसऱ्या घावाला कुऱ्हाड खांद्यात रुतली, ती त्यानं पाय देऊन उपसली. मग विहीर. गावाला सांगितलं, पाय घसरला.

पुस्तक छपाईला जायच्या आधी तिचा धाकटा भाऊ आला. मी तिच्या स्वयंपाकघरात बसून प्रुफं तपासत होते.

"आक्का, त्येवढं शेवटचं काढ. आबा मेल्यात. आता कुणाला सांगतीस?"

"काकीला. ती अजून त्या हिरीचं पाणी पीत न्हाय."

"मग माझ्या पोरींची लग्नं काकी जमवणार व्हय?"

"न्हाय जमली तर शिकीव की त्यास्नी. मी शिकले, मेले का?"

त्यानं ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला. पहिला घाव तिनं हातावर घेतला; मनगट मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. दुसरा कानामागं बसला. मी त्याच्या पाठीत खुर्ची घातली, तेव्हा तो थांबला. मागून दवाखान्यातही आला आणि डॉक्टरांना म्हणाला, "जिन्यावरनं पडली." रत्नाचं तोंड रक्तानं भरलं होतं. ते थुंकून ती म्हणाली, "पडले नाही. यानं मारलं. तसंच लिहा." शेवटची प्रुफं तिनं डाव्या हातानं तपासली. मग एका दुपारी भाजी चिरता चिरता कलंडली. डोक्यात रक्त साकळलं होतं. भाऊ सध्या जामिनावर आहे.

पुस्तकं बांधून झाल्यावर प्रकाशन समितीच्या सरांनी मला तिच्या परिचयाचा कागद दिला. तो मीच वाचायचा होता. त्यात होतं, 'घरात पडून झालेल्या दुखापतीमुळे निधन.'

"सर, हे काय?"

"मॅडम, केस चालू आहे. आनंदाच्या कार्यक्रमात कशाला मारामारी?"

"सगळं पुस्तक मारामारीचंच आहे."

"ते पुस्तकात ठीक आहे हो... आणि हे वाचायचं नसेल, तर ते पुस्तक बाजूला ठेवू."

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह भरलं होतं. काकी पहिल्या रांगेत बसली होती. प्रकाशनाला आणीन असा रत्नानं तिला आधीच शब्द दिला होता, म्हणून मी गाडी पाठवली होती. रत्नाची पाळी आली. मी माईकसमोर गेले, पर्स उघडली नाही. म्हटलं, "डॉक्टर रत्ना पडल्या नव्हत्या. त्यांच्या भावानं त्यांना बत्त्यानं मारलं. मी तिथं होते."

सर उठून उभे राहिले. तेवढ्यात काकी बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाली, "व्हय. आन् माझा मालकबी पडला न्हवता."

पाहुणे फीत सोडू लागले. माझी गाठ घट्ट, त्यांना सुटेना. मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि दोन्ही हातांनी कागद टराटरा फाडला.