बाईच्या बाजूचे काटे

भाऊजी गेल्याचा फोन बाईनंच केला. बाई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण आणि भाऊजी तिचे यजमान. असा फोन घरातलं दुसरं कोणीतरी करतं, जिचा नवरा गेला ती कोपऱ्यात बसलेली असते, अशी आमच्याकडची रीत. मी चहा गाळत होते. फोन घेतला तर बाईचा रोजचाच आवाज… "अवं, हे गेले. आत्ताच. तू जेवून निघजो, इथं आल्यावर तुले कोणी विचारणार नाही." मी गाळणी हातात धरून तशीच उभी. हिचा नवरा गेला आणि ही मला जेवून ये म्हणते. हे बळ हिला कुठून आलं, ते काही केल्या मला समजेना. आता महिना उलटून गेलाय, आत्ता कुठे ते समजलंय, आणि ते सांगायचं तर भाऊजींच्या जीपपासून सुरुवात करावी लागेल.

करडी गावाला भाऊजींची धानाची शेती. जीप त्यांनी कुठल्याशा लिलावातून उचललेली, माझ्या लग्नाच्या वेळीच ती चांगली म्हातारी झाली होती. समोर वेगाचा एक काटा, तोही मेलेला, आणि दोन लाल लाइट. तेल कमी झालं की एक लागायचा, इंजिन तापलं की दुसरा. बस, एवढाच कारभार. माझ्या बिदाईची गाडी हीच. भंडाऱ्याला बाबांच्या दारातून मला घेऊन लाखनीला, माझ्या सासरी निघाली. मी मागे बसून रीतीप्रमाणे रडत होते. कारध्याच्या पुलावर तो तापल्याचा लाल लाइट लागला, आणि भाऊजी "अरे" म्हणतात न म्हणतात तोच इंजिन जाम. रेडिएटरचा पाइप फाटून पाणी केव्हाच गळून गेलं होतं. शेवटी नवरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, भाऱ्यांवर बसून सासरी पोचली. सासूबाई ओवाळायचं सोडून आधी माझ्या केसांतल्या काड्या काढत होत्या. पुढे कितीतरी वर्षं मी त्या गावात 'तणसावरची नवरी' होते. यावरून मी भाऊजींना जन्मभर छळलं, आणि त्यांनीही मेव्हणीचा हक्क म्हणून ते मुकाट ऐकून घेतलं.

पण पुलावरची ती गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती. म्हणायचे, लाइट काय सांगते, तर झालं म्हणून सांगते. होऊन राह्यलं, हे सांगाले काटा पाहिजे. मग नागपूरच्या भंगार बाजारात फिरफिर फिरून एका जुन्या ट्रकचे तीन गोल काटे आणले. एक पाणी किती तापलं ते दाखवणारा, एक तेलाच्या दाबाचा, एक बॅटरी चार्ज होते की नाही त्याचा. ते बसवायला पत्रा हवा होता. तर या भल्या माणसानं काय कापावं? बाईच्या आंदणातली पितळेची परात. आमचं भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, आणि ही परात आईनं बाईसाठी स्वतः वाजवून पारखून घेतलेली. बाई माहेरी आलेली असताना हे कारस्थान उरकलं. ती परतली तर चुलीपाशी परातीचा उरलेला तुकडा उभा. तिनं असा काही अबोला धरला की विचारू नका. कणीक स्टीलच्या ताटात भिजवायची आणि ते ताट मुद्दाम आपटायची.

अबोला सुटला तो जीपमध्येच. भाऊजींनी तो पितळी पत्रा ड्रायव्हरसमोर बसवलाच नव्हता, डाव्या बाजूला, बाईच्या सीटसमोर बसवला होता. परात तिची, तर काटेही तिचेच. मी रस्ता पाहीन, तू काटे पाह्य, असं ठरलं. कुठवर चालेल आणि कुठे धोका, याच्या खुणा बाईच्याच नेलपॉलिशनं काढल्या. काम अगदी चोख होतं असं मात्र म्हणवत नाही. तेलाच्या काट्याला इंजिनातून तांब्याची बारीक नळी येते, तिचा नट ढिला राहिला आणि पहिल्याच दिवशी मी हौसेनं बाईला चिकटून पुढे बसले, तर गरम तेल माझ्या नव्या साडीवर टपकलं. चार्जिंगच्या काट्याच्या वायरी उलट्या जोडल्या, त्यामुळे तो भलत्याच दिशेला पळायचा. दुरुस्त करा म्हटलं तर म्हणाले, तुझ्या बहिणीले उलटा वाचता येते, मंग कायले उघडू? जाता जाता मधूनच ते विचारायचे, कसं हाय? बाई म्हणायची, मधात हाय जी, म्हणजे काटा मध्यावर आहे. तुमचं नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे एवढंच का, असं मी मागून चिडवायची. पण कधी ती "चढून राह्यलं, थांबा" म्हणाली, की कितीही घाई असो, भाऊजी एक शब्द न बोलता गाडी झाडाखाली घ्यायचे. माझ्या सांगण्यावरून माझ्या नवऱ्यानं आजवर गाडी थांबवलेली नाही, म्हणून हे मला फार दिसायचं.

गेल्या वर्षी भाऊजींचं जेवण तुटलं. नागपूरला नेलं, तपासण्या झाल्या. लिव्हरचा कॅन्सर, पसरलेला, आता काही महिनेच. डॉक्टरांनी भाऊजींना आत बसवून सांगितलं, त्यांनी तसं विचारलंच होतं. बाहेर माझ्या भाच्याला आणि मला सांगितलं. भाचा म्हणजे बाईचा मुलगा, वरठीच्या कारखान्यात आहे, आईवर फार जीव. त्यानं तिथेच ठरवून टाकलं की आईला कावीळ म्हणूनच सांगायचं. मलाही ते पटलं. आमच्याकडे सगळे असंच करतात, बाईमाणूस खचलं तर आजारी माणसाला बघायचं कोणी? करडीला आल्यावर भाऊजींना हे समजावायचं काम माझ्यावर आलं. ते अंगणात खाटेवर पडले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"बारके, जिंदगीभर तिनं काटे पाह्यले. आता तिच्यासमोर लाल लाइट लावता काय तुम्ही?"

मी म्हटलं, भाऊजी, ती रडून रडून अर्धी होईल.

"रडू दे ना. आता रडली त मी हाय पुसाले. मंग रडन तवा कोण राहीन?"

मला ते पटलं नव्हतं. मी रागावले, तुम्ही स्वतःचं ओझं तिच्या डोक्यावर टाकताय, असंही बोलले. ते नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत जीपपर्यंत गेले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि बाईला हाक मारली. ती आपल्या जागी जाऊन बसली. गाडी त्यांनी सुरू केलीच नाही. भाचा आणि मी ओसरीवरून बघत होतो, आम्हाला दोघांच्या फक्त पाठी दिसत होत्या… मग बाई उतरली आणि तडक खळ्यावर गेली. तिथे ती मोठ्यानं रडली, आम्हाला इथवर ऐकू आलं. भाऊजी हळूहळू तिच्या मागे गेले. बऱ्याच वेळानं दोघं परत आली, आणि बाईनं चुलीवर पेज ठेवली.

त्यानंतर ती डॉक्टरांना सगळं विचारायला लागली. कावीळ किती चढली, पोटात पाणी किती भरलं, पुढे काय होणार. भाचा माझ्याशी नीट बोलेना, त्याला वाटायचं मीच भाऊजींना भरीस घातलं. आणि खरं सांगू, आपला माणूस रोज थोडा थोडा कमी होताना बघायला लावायचं, ही कसली माया, असं माझ्याही मनात येत राहिलं. भाऊजींना घाटावर नेलं त्या दिवशीही तेच मनात होतं.

परवा करडीला गेले तर बाई घरात नव्हती. छपरीत, जीपमध्ये, डाव्या सीटवर बसली होती. आता रोज संध्याकाळी बसते म्हणे, पदरानं ते पितळ पुसते आणि थोडा वेळ तशीच राहते. मी ड्रायव्हरच्या बाजूनं चढायला लागले तर म्हणाली, तिकडं नको, मांगं बस. मी मागे बसले. मला राहवेना. मी सरळच विचारलं, की भाऊजींनी तुला सांगितलं ते चांगलं केलं का वाईट?

ती पदरानं एका काट्याची काच पुसत राहिली. मग मागे न वळताच म्हणाली,

"त्याईले घास उतरत नव्हता ना. मले कावीळ सांगतली असती, त मी रोज भांडली असती वो. एवढं रांधते मी अन् तुमचे नखरे, म्हणून ताट आपटलं असतं. मले मी मालूम हाय ना…" तिनं पदर तोंडाला लावला, काढला. "एक दिवस बी भांडली नाही मी त्याईच्यासंग. एक दिवस बी नाही."