आपल्या लोकांचं 'येतो'

इथे परदेशात, पेंडल हिल रेल्वे स्टेशनजवळच्या इंडियन दुकानांमागचं पार्किंग फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे. तिथे केशरी जॅकेट घालून फिरणारे काका माणसाचा चेहरा बघत नाहीत, पाय बघतात. पाय दुकानाकडे वळले तर ठीक, स्टेशनकडे वळले की वायपरखाली दंडाची नोटीस. स्वतः मराठी आहेत, पण मराठी माणसाला सूट नाही.

मीही एकदा तिथे गाडी लावली, "काका, पाच मिनिटांत येतो," म्हणालो आणि ट्रेन पकडून सरळ ऑफिसला गेलो. संध्याकाळी मी नोटीस हातात घेऊन उभा, तर म्हणतात, "आपल्या लोकांच्या 'येतो'वर माझा विश्वास नाही. आपण जातानाही येतोच म्हणतो!"

तेव्हापासून गाडी घरी ठेवून चालत स्टेशनला जाताना मी त्यांना मुद्दाम ठणकावून "जातो" म्हणायचो. ते नुसते हसायचे.

परवा बॅग ओढत निघालो होतो. म्हटलं, "काका, बाबांचं ऑपरेशन आहे. पुण्याला जातो."

कुणाच्या तरी वायपरखाली नोटीस सरकवणारा त्यांचा हात थांबला.

"जातो म्हणू नये रे. येतो म्हण."