घोषणेला उत्तर देणारं पिल्लू

रोहा तालुक्यात देवाच्या खालोखाल लोकांनी कुणाचं निमूट ऐकलं असेल, तर ते माझ्या सासऱ्यांचं. मोठमोठे पुढारी आले, भाषणं करून गेले. निम्म्या लोकांनी ती ऐकली, निम्म्यांनी वडापाव खाल्ला. पण मामांनी (आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात) "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं म्हटलं, की तोंडातला वडा तोंडातच ठेवून माणसं पिशव्या उचलत. मामा एस.टी.त कंट्रोलर होते. उभी हयात त्यांनी स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारल्या. त्यांचा आवाज असा, की कुंडलिका नदीवर धुणं धुणारी बाई "लागली गो पेणची" म्हणत हात पुसायची, असं सासूबाई सांगतात. सासूबाई आयुष्यात नवऱ्याचं कौतुक करत नाहीत, त्यामुळे हे खरंच असणार.

मी पेणच्या वाटेवरच्या गडब गावची. माझे बाबा भातशेती करतात, आणि सही करायची वेळ आली की अजून आधी सगळ्यांना गप्प बसायला सांगतात. मामा मुलगी बघायला आले तेव्हा ओटीवर पाय ठेवून त्यांनी एवढंच म्हटलं, "नमस्कार, आम्ही रोह्याहून आलो." त्याबरोबर आत चुलीपुढे बसलेली माझी आई उठली आणि तिने खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली. आजी म्हणाली, "कुठं निघालीस गो?" आई म्हणाली, "पेणची लागली ना?" बाबांनी तर चेहरा नीट पाहण्याआधीच हात जोडले. "हा आवाज आपल्या घरचाच हाय," ते म्हणाले, "याच्या भरवशावर पोरगी शिकली." ते खरं होतं. रोह्याच्या कॉलेजसाठी रोज जा-ये करताना तो आवाज मी एवढा ऐकला होता, की लग्न त्या माणसाच्या मुलाशी होतंय म्हटल्यावर निम्मी भीती तिथेच गेली. लग्नात मामांनी मांडववाल्याकडून माइक काढून घेतला. "वऱ्हाडी मंडळींनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी," हे झालंच, शिवाय मी रोह्याच्या घराचं माप ओलांडलं तेव्हा सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी पुकारलं, "गडबहून आलेली नवरी घरात दाखल झालेली आहे." आणि लगेच पुन्हा एकदा, "गडबहून आलेली नवरी घरात दाखल झालेली आहे."

प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, हा त्यांचा नियम. "एकदा सांगितलेलं कुणी ऐकत नाय," ते म्हणत. "पहिल्यांदा माणूस मान वर करतो. दुसऱ्यांदा उठतो." लग्न झालं तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. आता कशाला, असं नातेवाईक म्हणू लागले, तेव्हा मामांनी निकाल दिला, "शेवटच्या थांब्याच्या आधी पाशिंजर उतरवायचा नाय." हेही दोनदा. मी पास झाले त्या दिवशी ते ड्यूटीवर होते. मुरूडची गाडी सोडली, आणि त्याच दमात माइकवर जाहीर केलं, की आमची सून बी.ए. झालेली आहे. एका म्हाताऱ्या बाईंनी खिडकीशी येऊन विचारलं, "बीए कुठल्या फलाटाला लागतेय रं बाबा?" आमच्या दोन्ही घरांतली मी पहिली पदवीधर. आज पेणच्या शाळेत मी मुलांना शिकवते. पदवीचा कागद कपाटात आहे, पण मी खरी पदवीधर झाले ती त्या स्टँडवर, दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा.

निवृत्तीनंतर पुकारायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून मामा घरच पुकारू लागले. "दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे." "न्हाणीघर रिकामं झालेलं आहे." माझे यजमान कंपनीत शिफ्टला जातात, त्यांच्यासाठी, "दुसऱ्या शिफ्टला जाणारा मुलगा अद्याप अंथरुणातच आहे." दुपारी पानं मांडली की मामा मधल्या दारात उभे राहत, घसा साफ करत आणि म्हणत, "जेवण लागलेलं आहे." सासूबाई आतून ओरडत, "कळलं! एकदा सांगितलं की कळतंय आम्हाला!" तरी दुसऱ्यांदा पुकारा व्हायचाच. "उभा जन्म मी फलाटावर संसार केला," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्यात थोडं तथ्य होतं. नोकरीत असताना शेवटची गाडी चुकलेला माणूस स्टँडवर सोडून मामा कधी घरी आले नाहीत. त्याला घेऊनच यायचे. त्यामुळे आमच्याकडे भात नेहमी एका माणसाचा जास्त शिजतो, आणि महाडपासून मुरूडपर्यंत आम्हाला ओळखणारी अशी माणसं आहेत ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत.

असा हा माणूस गेल्या वर्षी गप्प झाला. घशात गाठ निघाली. ती साधी आहे, भिण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सासूबाई दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसल्या आणि पाणी मागून प्यायल्या. गाठ काढली, पण जखम भरल्यावर जो आवाज आला, तो मामांचा नव्हता. पत्र्यावरून वाळूची पाटी ओढत न्यावी तसा खरखरीत, जाडा आणि मधेच तुटणारा. फोनवर त्यांनी पहिल्यांदा "हॅलो" म्हटलं, तर पलीकडचा म्हणाला, "रेंज नाय, परत लावतो." एका बारशाला त्यांनी बाळाचं नाव पुकारायचा प्रयत्न केला, आणि पुढे बसलेली पोरं खदखदून हसली. त्या दिवसापासून मामांनी तोंड मिटलं. डॉक्टर बजावत होते, "बोला, रोज बोला. वापरला नाही तर आहे तोही आवाज दुबळा होईल." मामा मान हलवत आणि गप्प राहत. काही हवं असेल तर पेला वाजवत. जेवण कधी लागलं ते घरात कुणाला कळेना. यजमान दोनदा शिफ्टला उशिरा पोचले. ज्या सासूबाईंनी जन्मभर त्या आवाजाला नावं ठेवली, त्या पानं मांडून झाली की मधल्या दाराकडे बघत उगाच थांबायच्या.

आता पिल्लाकडे येते. आमच्या मागच्या दारी एक काकी राहतात. त्यांची कोंबडी खुडूक बसली, तेव्हा माझ्या आईने दिलेली बदकाची अंडीही काकींनी कोंबडीच्या अंड्यांबरोबर एकाच दिवशी पाटीत तिच्याखाली ठेवून दिली. "अंडं ते अंडं," असा त्यांचा हिशेब. पण कोंबडीची पिल्लं बदकाच्या आठवडाभर आधी निघतात. तिची निघाली, आणि ती त्यांना घेऊन अंगणात उतरली ती पुन्हा पाटीकडे फिरकली नाही. बदकाची अंडी तशीच राहिली. काकींनी काही दिवस उबेला चिंध्या घालून पाहिलं, मग एक एक अंडं थंड पडत गेलं. शेवटचं टाकायला त्या उकिरड्याकडे निघाल्या. मामा परसात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी धावती गाडी थांबवावी तसा हात आडवा केला, अंडं मागून घेतलं आणि कानाशी धरलं. बराच वेळ. मग माझ्या कानाशी धरलं. आतून टकटक होत होती, आणि अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावी तशी एक हाक.

पिल्लू बाहेर यायला दुसरा दिवस उजाडला. आलं तेव्हा त्याच्यात काही राम नव्हता. ओलं, चिकट, मान टाकलेली. एक पाय भलतीकडेच पसरलेला. बुटाच्या खोक्यात सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची घडी, वर पिवळा बल्ब, बाजूला बशीत गुळाचं पाणी असा सगळा थाट मामांनी मुक्यानेच केला. "माणसाशी बोलायला जीव जातो, आणि बदकाची बाळंतपणं करतात," सासूबाई पुटपुटल्या. पण लुगडं त्यांनीच फाडून दिलं, त्यातही मऊ बाजू बघून. मी फोनवर आईला विचारलं. ती म्हणाली, मऊ चिंधीने दोन्ही पाय जवळ, सैलसर बांधा, पाणी चोचीला लावा, आणि त्याच्याशी बोला. "आई बोलते तवा पिल्लू मान उचलतं. नाय बोललं कुणी, तर ते झोपूनच जातं."

मग आम्ही सगळे बोलू लागलो. काकींनी कोंबड्यांना बोलवायचं "तितितिती" करून पाहिलं. यजमानांनी शिट्टी वाजवली. मी शाळेतल्या लहान वर्गाशी बोलते तशी लाडीगोडी लावली. पिल्लाने डोळा उघडला नाही. चोचीला लावलेलं पाणी गालावरून ओघळून गेलं. संध्याकाळी काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नाय गो वाचायचं. जीव लावू नका." मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्या पदर सावरून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतले. सासूबाई मधल्या दाराशी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून थांबवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आतून, त्या पत्र्यावर ओढलेल्या वाळूच्या आवाजात, कुणीतरी म्हणत होतं, "प्रवाशांनी... कृपया लक्ष द्यावे. रोह्याहून नागोठणे, गडब, वडखळमार्गे पेणला जाणारी गाडी... फलाटावर लागलेली आहे." मग शांतता. आणि त्या शांततेत, खोक्यातून, "पीं." मामांनी पुन्हा पुकारलं, सगळं पहिल्यापासून. पुन्हा "पीं, पीं." फटीतून पाहिलं तर पिल्लाची मान लटपटत का होईना, उभी होती, आणि मामांच्या बोटावरचा थेंब ते टिपत होतं. सासूबाईंनी माझा हात एवढा घट्ट धरला होता, की बांगडीचा वळ उठला.

आम्हाला पाहून मामा पुन्हा मिटले असते. पण तेवढ्यात मागच्या दाराने काकी आल्या, आणि त्यांना काही आडपडदा नाही. "अगो बाई," त्या मोठ्याने म्हणाल्या, "हा तर हुबेहूब बदकाच्या नराचा आवाज! तो असाच घोगरा बोलतो. भावजी, तुम्ही दवाखान्यातून याच्या बापाचाच आवाज घेऊन आलात की!" बारशातल्या पोरांच्या हसण्याने वर्षभर गप्प बसलेला माणूस. आता काय होणार? मामांनी काकींकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि ते हसले. ते हसणंही खरखरीतच होतं, मधे तुटलं, पुन्हा लागलं. डोळे पुसत ते म्हणाले, "गाडी चुकलेला पाशिंजर हाय. फलाटावर सोडून कसं जाणार?"

पुढचे काही दिवस मामांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ते गप्प झाले की पिल्लू आकांत करी. त्यामुळे मामा अलिबाग पुकारत, मुरूड पुकारत, कधीच्या बंद झालेल्या गाड्या पुकारत. पायाची चिंधी सुटली, आणि पिल्लू त्यांच्या चपलेमागे परसभर डुलत चालू लागलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकदमच निःश्वास टाकला. डॉक्टर म्हणाले, आवाजाला ताकद येतेय, व्यायाम कुठला करता? मामा म्हणाले, "घरी मास्तर ठेवलाय." जुना आवाज काही परत आला नाही. पण एका दुपारी मधल्या दारात घसा साफ केल्याचा आवाज झाला. "जेवण लागलेलं आहे." आतून नेहमीची ओरड आली नाही. सासूबाई हातात पळी धरून तशाच उभ्या होत्या. दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हाच त्यांनी भात वाढायला घेतला.

बदक मोठं झालं. परसातल्या घमेल्यात त्याचं अंग भिजेना. एक दिवस मामा आपणहून म्हणाले, "याला तळं पाहिजे. गडबला सोडू या." आम्ही पाटीला फडकं बांधून एस.टी.ने गेलो. माझ्या माहेरी शेताच्या बांधाला लागून तळं आहे, आईची बदकं तिथेच असतात. आळीतली माणसं जमली. एवढ्या माणसांत त्या बारशानंतर मामा कधी बोलले नव्हते. मीच मनात देवाचं नाव घेतलं. त्यांनी फडकं सोडलं. बदक पाण्यात उतरलं, जरा बावरलं, मग बाकीच्यांकडे सरकलं. मामांनी घसा साफ केला. "रोह्याहून आलेलं बदक गडबला दाखल झालेलं आहे." पोरं हसतील म्हणून मी डोळे मिटले होते. ऐकू आला तो बाबांचा आवाज. "आवाज बदललाय," ते म्हणाले, "पण गाडी तीच हाय." आणि आई म्हणाली, "व्याहीबुवा, दुसऱ्यांदा सांगा की. एकदा सांगितलेलं खरं वाटत नाय." मामांनी दुसऱ्यांदा पुकारलं. त्या वेळी तळ्यातल्या घोळक्यातून एक मान वर झाली, आणि पुन्हा खाली गेली.

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसले. मांडीवर रिकामी पाटी, तिच्यावर नीट घडी केलेलं फडकं. नागोठणं मागे पडलं. मग सवयीने, अगदी हळू, त्यांनी पाटीकडे बघून म्हटलं, "पुढील थांबा रोहा." आणि उत्तरासाठी थांबले. पाटी गप्प होती.

"हो मामा," मी म्हटलं, "ऐकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटी जरा माझ्या बाजूला सरकवली, आणि दुसऱ्यांदा पुकारलं.