चारशे सतरा नंबरचं दार

रंगाच्या दुकानात सून होऊन आली तेव्हा तिला तांबडा आणि केशरी यांतला फरक कळायचा, एवढंच तिचं भांडवल. नवऱ्याला रंगाच्या वासानं शिंकांवर शिंका. त्यानं शाळेची गाडी चालवायला घेतली आणि काउंटरमागचं स्टूल हिच्या वाट्याला आलं. सासरे, म्हणजे मामंजी, पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "सूनबाई, रंग मिसळायचं तू बघ. माझा हात जड झालाय."

हात कसला जड! वीस लिटरचा डबा ते खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाच्या तिसऱ्या मजल्यावर नेत. पण सासऱ्यानं विश्वास टाकला म्हणून ही फुलून गेली. पाच-सहा वर्षांत अशी तयार झाली, की गिऱ्हाईक म्हणे, "बायको रुसल्यावर तोंड होतं ना, तसला करडा द्या," आणि ही बरोब्बर तोच घोटून देई. वस्तीनं तिचं नाव पाडलं रंगवहिनी.

रविवारी दुकान बंद. मग वहिनी गिऱ्हाइकांनी न नेलेले डबे आणि शिडी घेऊन वस्तीतल्या भिंती-बाकं फुकट रंगवायला निघायची. वाचनालयाची अर्धी भिंत गुलाबी आहे, ती कुणाचंतरी लग्न मोडलं म्हणून. दवाखान्याची बाकं जांभळी, कारण एका वकिलाला जांभळा पसंत पडला नि त्याच्या आईला नाही. कुणी नाक मुरडलं तर वहिनी म्हणे, "धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत."

मामंजी थकले, विसरायला लागले, तसं वहिनी त्यांना सकाळी म्हाताऱ्यांच्या दिवसघरात सोडू लागली. तिथं पत्त्यांचा अड्डा होता, भांडायला दोस्त होते. मामंजी खूश. पंचाईत व्हायची दुपारी. जेवून आपल्या खोलीत पडायचं, तर हे नेमके जायचे निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आणि त्यांच्या पलंगावर ताणून द्यायचे. सगळी दारं एकसारखी पांढरी, म्हाताऱ्यानं करावं काय?

तिसऱ्या खेपेला दिवसघराच्या व्यवस्थापकबाईंनी वहिनीला बोलावलं. "आता पुन्हा झालं तर त्यांना घरीच ठेवा. माझा नाइलाज आहे."

घरी ठेवायचं म्हणजे दिवसभर बाहेरून कडी. वहिनी म्हणाली, "मला एक रविवार द्या."

त्या रविवारी तिनं मामंजींचं दार लालभडक केलं आणि शेजारचं, मुख्याध्यापिकाबाईंचं, हिरवंगार. सोमवारी जेवणं उरकल्यावर ती स्वतः व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. "मामंजी, लाल दार तुमचं हं."

मामंजींनी मान डोलावली, तडक गेले आणि हिरव्या दाराच्या कडीला हात घातला.

"तिकडं कुठं? लाल म्हटलं मी."

"मग हे काय? लालच की."

"आणि ते शेजारचं?"

मामंजींनी दोन्ही दारांकडं नीट पाहिलं. "तेही लालच. तू दोन्ही एकाच डब्यातून काढलीस."

सासूबाई उभ्या जन्मात यांना टोमॅटो आणायला का पाठवत नसत, ते वहिनीला आत्ता उलगडलं. "मामंजी, तुम्हाला लाल-हिरवा ओळखू येत नाही? चाळीस वर्षं रंग विकलेत तुम्ही!"

"हळू बोल की," मामंजी इकडंतिकडं बघत म्हणाले. विसराळू माणूस, पण हे गुपित तेवढं जपून होता. "रंग कोण बघतंय? डब्यावर नंबर असतो. रंगांच्या पत्रकावरचे सगळे नंबर पाठ आहेत मला. मिसळायचीच काय ती अडचण होती, तर तू आलीस."

हसून हसून वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे एवढा विश्वास टाकला, तो यासाठी!

व्यवस्थापकबाई यायच्या आत तिनं बरोबरच्या डब्यातल्या काळ्या रंगानं लाल दारावर वीतभर उंचीचे आकडे काढले. ४१७. दुकानातला सगळ्यात जास्त खपणारा डबा. मग "तुमचं दार चारशे सतरा" असं बजावत मामंजींना हाताला धरून अंगणात एक फेरी मारून आणली आणि व्हरांड्याच्या तोंडाशी सोडून दिलं. शेजारी व्यवस्थापकबाई येऊन उभ्या राहिल्या.

मामंजी चालले. पहिलं दार, दुसरं दार. हिरव्यापाशी जरा घुटमळले, पुढं सरकले. आकड्यांसमोर थांबून पुटपुटले, "चारशे सतरा. झाकण घट्ट लावा रे, लगेच साय धरतो." आणि आत जाऊन स्वतःच्या पलंगावर आडवे झाले.

"बरं," व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "उद्याही आणा त्यांना."

चारला वहिनी न्यायला आली, तेव्हा मामंजी उठले होते. दाराच्या कडेवरून बोट फिरवत त्यांनी व्यवस्थापकबाईंना हाक मारली. "हे बघा, खालच्या कोपऱ्यात ओघळ आलाय. कारागीर कोण आहे? सोडू नका, पुन्हा घासून करून घ्या."

वहिनी पदर खोचून पॉलिशपेपर शोधायला निघाली.